आडनावाला ऊन लागत नाही

‘तुमच्या लोकांत हे असतंच.’

दवाखान्यात हे वाक्य फार सहज बोललं जातं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, कारण घाबरण्यासारखं काही नाही असा त्याचा सूर असतो. बोलणाऱ्यालाही सोयीचं पडतं, कारण पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. मला मात्र हे वाक्य खटकतं. डोळ्यांच्या एका आजाराच्या बाबतीत तर ते सरळ दिशाभूल करतं आणि त्याची किंमत उन्हात राबणारी माणसं मोजतात, असं माझं म्हणणं आहे. मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डेटासोबत काम करतो. म्हणूनच या वाक्यामागे डेटाची कुठली चूक लपली आहे, त्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे असं वाटतं.

आजाराचं नाव टेरिजियम. मूळ शब्द ग्रीक, अर्थ ‘छोटा पंख’. हिंदीत याला नाखूना म्हणतात. आपल्या गावाकडे कुणी नाव वगैरे घेत नाही, ‘डोळ्यात मांस वाढलंय’ एवढंच म्हणतात. ते वर्णन अगदी बरोबर आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असतं. बहुतेक वेळा नाकाकडच्या कोपऱ्यात ते जाड आणि लालसर होतं आणि त्रिकोणी आकारात बुबुळावर सरकू लागतं. हे काम वर्षानुवर्षं चालतं. आधी डोळे लाल होतात, चुरचुरतात, आत वाळूचा कण गेल्यासारखं वाटत राहतं. मग ते मांस बुबुळाला ओढायला लागतं, त्याची गोलाई बिघडते आणि दिसणं तिरकं, पसरट होतं. बाहुलीपर्यंत पोचलं तर समोरचं झाकलंच जातं. पुढे त्याच माणसाला मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली, तर आत बसवायच्या लेन्सच्या नंबराचं गणितही चुकू शकतं, कारण ते गणित मांडताना बुबुळाची गोलाई धरावी लागते.

हा कॅन्सर नाही. एका रात्रीत कुणी आंधळं होत नाही. म्हणूनच त्यावर कुणी रील करत नाही, कुणी धावत नाही, कुठला ‘जागतिक दिन’ आपल्या कानावर येत नाही. आणि म्हणूनच ‘तुमच्या लोकांत असतंच’ म्हणून तो सहज बाजूला सारता येतो.

ऊन बाजूने येतं

आधी हा आजार होतो कसा ते पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे.

१९६५ साली कॅमेरॉन नावाच्या डॉक्टरने जगभरच्या टेरिजियमवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक पट्टा दाखवला होता: विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला ३७ अंशांपर्यंतचा. या पट्ट्यात आजार जास्त, बाहेर कमी. भारताचं उत्तरेकडचं टोक साधारण ३७ अंशांवर येतं. म्हणजे कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत अख्खा देश या पट्ट्यात बसतो. महाराष्ट्र तर १५ ते २२ अंशांच्या आसपास, ऐन मध्यावर.

या पट्ट्यात जास्त काय आहे? ऊन. नेमकं सांगायचं तर अल्ट्राव्हायोलेट किरण. पण मग मांस नाकाकडच्याच कोपऱ्यात का वाढतं? ऊन तर सगळ्या डोळ्यावर पडतं. १९९३ साली सिडनीच्या मिनास कोरोनिओ यांनी याचं एक फार सुंदर उत्तर मांडलं. कानाच्या बाजूने, तिरका येणारा प्रकाश बुबुळावर पडतो. बुबुळ म्हणजे एक भिंगच. ते या तिरक्या प्रकाशाला वाकवतं आणि पलीकडच्या कडेवर, म्हणजे नाकाकडच्या कडेवर, एका जागी गोळा करतं. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो ना, तेच. त्या जागी प्रकाशाची तीव्रता साधारण वीस पटींपर्यंत जाते. नाकाच्या बाजूने येणारा प्रकाश नाकच अडवतं, त्यामुळे उलट्या बाजूला एवढा मारा होत नाही. नेमक्या या कडेवर बुबुळाचा पृष्ठभाग नव्याने घडवणाऱ्या मूळ पेशी असतात. वर्षानुवर्षं त्या भाजत राहतात आणि मग पांढऱ्या भागातलं मांस सीमा ओलांडून आत येतं.

हे लक्षात घेतलं की दोन गोष्टी कळतात. एक, डोक्यावरच्या उन्हापेक्षा बाजूने आणि खालून येणारं ऊन जास्त घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के आणि ताजा बर्फ तब्बल ८० टक्के यूव्ही परत फेकतो. उंचीवर दर हजार मीटरला यूव्ही १० ते १२ टक्क्यांनी वाढतं. दोन, यात कुठेही आडनाव, जात, धर्म, वंश येत नाही. किरण डोळ्यात शिरताना आधार कार्ड मागत नाही.

बार्बाडोसचं कोडं

तरीही या आजारावरचे अभ्यास वाचायला घेतले की जागोजागी एक रकाना दिसतो: वंश. मलय इतके टक्के, चिनी इतके, लॅटिनो इतके, काळे इतके, गोरे इतके. आकडे खरे असतात. माझा आक्षेप त्यांच्यावरून काढल्या जाणाऱ्या अर्थावर आहे.

वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस या छोट्या बेटावर चाळीस ते चौऱ्याऐंशी वयाच्या लोकांचे डोळे तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २००१ च्या सुमारास आले. काळ्या लोकांमध्ये सुमारे २३ टक्क्यांना टेरिजियम, गोऱ्यांमध्ये सुमारे १० टक्क्यांना. घ्या, झालं सिद्ध. ‘काळ्या लोकांत हे असतंच.’

पण त्याच अभ्यासात पुढे वाचा. काळ्या लोकांमध्येच ज्यांची त्वचा जास्त गडद, त्यांच्यात हा आजार कमी होता. आता काय करायचं? काळं असणं हा धोका असेल, तर जास्त काळं असल्यावर धोका वाढायला हवा होता. तो घटला. म्हणजे ‘काळा’ या रकान्यात शरीराखेरीज दुसरंच काहीतरी मोजलं जात होतं.

ते काय, हेही तिथेच दिसतं. बाहेर उन्हात काम केलेल्यांमध्ये आजाराची शक्यता जवळपास दुप्पट. घराबाहेर पडताना नेहमी गॉगल लावणाऱ्यांमध्ये ती साधारण पाचव्या हिश्श्यावर आली. आणि बार्बाडोसचा इतिहास काय? उसाचे मळे. मळ्यांचे मालक बहुतांशी गोरे, राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १८३४ साली गुलामी कायद्याने संपली, पण उसात कोण उभं राहणार आणि सावलीत कोण बसणार हे कायद्याने एका दिवसात बदलत नसतं. तो ‘वंश’ नावाचा रकाना बऱ्याच अंशी या इतिहासाचा रकाना आहे.

ऑस्ट्रेलियात फ्रेड हॉलोज या प्रसिद्ध नेत्रतज्ज्ञाच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात खेड्यापाड्यांतल्या सुमारे एक लाख लोकांचे डोळे तपासले गेले. मूळ निवासीही आणि बाकीचेही. या माहितीवरून १९८४ मध्ये मोरान आणि हॉलोज यांनी दाखवलं की ज्या भागात यूव्ही जास्त, त्या भागात टेरिजियम जास्त. हे मूळ निवासींमध्येही खरं होतं आणि इतरांमध्येही. दोन वेगळे समाज, पण ऊन वाढलं की दोन्हीकडचा आकडा एकाच दिशेने सरकतो.

आणि मला सगळ्यात आवडलेला अभ्यास अमेरिकेतल्या चेसापीक खाडीतला. ८३८ कोळी. कुणी खेकडे पकडणारा, कुणी कालवं काढणारा. संशोधकांनी यांना नुसतं ‘तुम्ही बाहेर काम करता का’ असं विचारून सोडून दिलं नाही. आयुष्यभरात किती वर्षं, कुठल्या महिन्यांत, दिवसातले किती तास पाण्यावर होता, टोपी घालत होता का, चष्मा होता का, हे सगळं विचारलं. प्रत्यक्ष पाण्यावर किरण मोजले. त्यावरून प्रत्येकाच्या डोळ्यात आयुष्यभरात किती यूव्ही गेलं असेल याचा हिशोब मांडला. १९८९ मध्ये निष्कर्ष आले: ज्याच्या डोळ्यात जास्त गेलं, त्याला टेरिजियम जास्त. सगळे एकाच खाडीतले, एकाच धंद्यातले. तरी फरक सापडला, कारण मोजायची गोष्ट नीट मोजली होती.

पिनकोडचा खेळ

आमच्या क्षेत्रात याला प्रॉक्सी म्हणतात. तुम्हाला खरी गोष्ट मोजता येत नाही किंवा मोजायचा कंटाळा येतो, मग तिच्यासारखी वागणारी दुसरी गोष्ट तुम्ही मॉडेलमध्ये टाकता. कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या मॉडेलमध्ये जात किंवा धर्म टाकायला बंदी असते. मग मॉडेल पिनकोड शिकतं. कुठल्या पिनकोडला कोण राहतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मॉडेलचा आकडा अचूक येतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि एखाद्या वस्तीतल्या पोरीला कर्ज मिळत नाही. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘सिस्टिमने नाकारलं.’

टेरिजियमच्या बाबतीत वंश हा असाच पिनकोड आहे. तो भाकीत करतो, पण कारण सांगत नाही. आणि भाकितालाच कारण समजणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक आहे.

यावर हुशार वाचक म्हणेल, थांब, संशोधक काही बावळट नसतात. ते बाहेरचं काम, वय, लिंग, सगळं हिशोबात धरतात, मग उरलेला फरक बघतात. बरोबर आहे. सिंगापूरमध्ये मलय, चिनी आणि भारतीय या तिन्ही समाजांना एकत्र घेऊन मोठा अभ्यास झाला. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मलय लोकांमध्ये प्रमाण सगळ्यात जास्त होतं, आणि बाहेरचं काम वगैरे हिशोबात धरूनही मलय असण्याचा वेगळा परिणाम उरला. शहर एकच, आकाश एकच. मग?

माझं उत्तर असं. ‘हिशोबात धरलं’ म्हणजे नेमकं काय धरलं ते बघा. पुष्कळ अभ्यासांमध्ये ऊन मोजायचा प्रश्न एवढाच असतो: तुमचं काम घराबाहेरचं की आतलं? हो किंवा नाही. वीस वर्षं समुद्रावर गेलेला आणि वीस वर्षं झाडाखाली टपरी चालवणारा, दोघेही ‘बाहेर’. बालपण कुठे गेलं, हे विचारलेलंच नसतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या एका अभ्यासात तर आयुष्याची पहिली पाच वर्षं विषुववृत्ताजवळ गेली की नाही याने प्रचंड फरक पडतो असं दिसलं होतं. उन्हाचा हिशोब इतका ढोबळ केलात, तर न मोजलेलं ऊन कुठेतरी जाऊन बसणारच. ते वंशाच्या रकान्यात जाऊन बसतं. तिथे ते शरीराचा गुणधर्म असल्यासारखं दिसायला लागतं.

शरीराचा काहीच भाग नाही, असा माझा दावा नाही. काही घरांमध्ये हा आजार जास्त आढळतो हे नोंदलेलं आहे. डोळ्याची ठेवण, नाकाची उंची, पेशींची दुरुस्ती करायची ताकद यांत माणसामाणसांत फरक असणार. पण समजा, उरलेला फरक खरोखर जनुकांचा आहे. तरी त्याचं करायचं काय? जनुकांवर टोपी घालता येत नाही. डोळ्यांवर चष्मा घालता येतो. ज्या कारणावर आज, इथे, शंभर-दोनशे रुपयांत उपाय आहे ते कारण तळटीपेत आणि ज्यावर काहीच उपाय नाही ते मथळ्यात, ही मांडणी कुणाच्या फायद्याची आहे?

आगर, आगरी आणि ऊन

आता आपल्या घरात येऊ.

नागपूरच्या आसपासच्या खेड्यांमध्ये डोळ्यांचा एक मोठा अभ्यास झाला आहे. तीस वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. २०१३ मध्ये टेरिजियमचे आकडे छापून आले: साधारण १३ टक्के. म्हणजे दर आठ माणसांमागे एक. हा शेतीवर जगणारा भाग आहे. कुणाला जास्त होता? वय जास्त असलेल्यांना, पुरुषांना आणि शाळा कमी शिकलेल्यांना.

शाळा कमी शिकलेल्यांना. या दोन-तीन शब्दांवर थोडं थांबा. शाळेत न गेल्याने डोळ्यात मांस वाढत नाही. शाळा सुटली की माणूस रानात जातो, म्हणून वाढतं. चेन्नईच्या अभ्यासातही शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त होतं. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात मेक्सिकन वंशाच्या लोकांचा अभ्यास झाला, तिथेही एकाच समाजात कमी उत्पन्न आणि कमी शिक्षण असलेल्यांमध्ये आजार जास्त निघाला. वंश तोच ठेवून आत बघितलं की दरवेळी गरिबी आणि ऊन हातात हात घालून उभे दिसतात.

महाराष्ट्रात तर हे समजायला अभ्यासाचीही गरज नाही. आपल्या जातींची नावंच बघा. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. कोळी म्हणजे मासेमारी करणारा. जातीचं नाव हेच कामाचं नाव आहे आणि कामाचं नाव हाच उन्हाचा पत्ता आहे. उद्या कुणी रायगड-पालघरात जातवार टेरिजियम मोजलं तर आगरी-कोळ्यांमध्ये ते जास्त निघेल, अशी पैज लावायला मी तयार आहे. आणि मग कुणीतरी नक्की लिहील की या समाजात ‘आनुवंशिक प्रवृत्ती’ असावी. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर आणि मिठाच्या पांढऱ्या ढिगांसमोर उभं राहण्याला आनुवंशिक म्हणायचं असेल तर म्हणा. वारसा आहेच तो. फक्त तो रक्तातून आलेला नाही, कामातून आलेला आहे.

माझे मामा अलिबागजवळ मासेमारी करतात. दोन वर्षांपूर्वी गावात नेत्रतपासणीचं शिबिर झालं, तिथे ते गेले. तपासणाऱ्या डॉक्टर चांगल्या होत्या, प्रेमाने बोलल्या. म्हणाल्या, “काका, डोळ्यात मांस वाढलंय, पण घाबरू नका. तुमच्या समाजात हे असतंच. वाढलं तर ऑपरेशन करू.” ड्रॉप लिहून दिले. टोपीचा विषय निघाला नाही, गॉगलचा निघाला नाही. मामा घरी आले आणि मामीला म्हणाले, “आपल्यात असतंच म्हणे हे.” दुसऱ्या दिवशी पहाटे होडीवर गेले, उघड्या डोळ्यांनी. त्यांचा थोरला मुलगाही त्याच होडीवर असतो. तो एकोणीस वर्षांचा आहे. त्यानेही वडिलांचं वाक्य ऐकलं. त्याच्या डोळ्यात अजून काही नाही. ज्याला सगळ्यात जास्त वाचवता आलं असतं, त्याला आपल्या नशिबात काय आहे ते कळलं आणि ते कसं टाळायचं ते कळलं नाही.

मला राग आहे तो त्या डॉक्टरांवर नाही. एका सकाळी शेकडो डोळे तपासायचे असतात. मला राग आहे तो त्या वाक्याच्या सोयीस्करपणावर. ‘तुमच्या समाजात असतं’ म्हटलं की प्रश्न संपतो. ‘तुमच्या कामामुळे होतं’ म्हटलं की प्रश्न सुरू होतो: मग कामावर काय बदलायचं, आणि ते कुणी द्यायचं?

कापायचं आणि पुन्हा उन्हात पाठवायचं

ऑपरेशन तर आहेच ना, असं कुणी म्हणेल. आहे, आणि फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत या आजाराला ‘अर्म’ म्हटलंय, त्याचे पाच प्रकार सांगितलेत आणि आकड्याने उचलून ते कसं कापायचं याचं वर्णन आहे. दर काही महिन्यांनी ‘जगातली पहिली शस्त्रक्रिया आपली’ असा फॉरवर्ड येतो. अभिमान जरूर बाळगा. पण इतक्या शतकांपूर्वी कापायला शिकलेला देश अजून कापण्याच्याच टप्प्यावर आहे, याची थोडी लाजही वाटू द्या.

कारण हे मांस नुसतं कापून सोडलं तर परत येतं. नुसत्या कापण्याच्या जुन्या पद्धतीत वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये सुमारे चौथ्या हिश्श्यापासून जवळपास ९० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये ते पुन्हा वाढल्याचं दिसलंय. परत येतं तेव्हा अनेकदा जास्त जोमाने येतं. आता त्या जागी रुग्णाच्याच डोळ्यातलं निरोगी आवरण लावतात, त्यामुळे परत येण्याचं प्रमाण बरंच कमी झालंय. पण त्याला वेळ लागतो, कौशल्य लागतं, पैसा लागतो. आणि रुग्णाला काही दिवस काम बंद ठेवावं लागतं. मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड जोडप्याला ‘पंधरा दिवस धुळीत आणि उन्हात जाऊ नका’ हा सल्ला देऊन बघा.

आपला अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया गावोगाव नेल्या, ते काम मोठं आहे. पण त्यातून डोळ्याची काळजी म्हणजे शिबिर आणि शिबिर म्हणजे ऑपरेशन, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं. आजार व्हायच्या आधी काही करता येतं, ही कल्पनाच शिबिराच्या मांडवात मावत नाही.

कायद्याला बर्फ दिसतो, मीठ दिसत नाही

कामाच्या जागी झालेल्या आजाराची भरपाई मिळावी म्हणून आपल्याकडे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती. त्यात भट्टीसमोर काम करणाऱ्यांना अवरक्त किरणांमुळे होणारा मोतीबिंदू होता. बर्फाळ प्रदेशात होणारं हिमांधत्वही होतं. म्हणजे प्रकाशाने कामगाराचा डोळा बिघडतो, हे कायद्याला तत्त्वतः मान्य आहे. हिमांधत्व तर यूव्हीमुळेच होतं. बर्फावरून उसळलेलं यूव्ही कायद्याला दिसतं. समुद्रावरून, वाळूवरून, मिठागरावरून उसळलेलं दिसत नाही. त्या यादीत टेरिजियम नव्हतं.

आणि उद्या ते घातलं, तरी माझ्या मामांना काय मिळणार? त्यांना मालकच नाही. ऊसतोड मजुराला मालक आहे, पण कागदावर नाही. डिलिव्हरी करणाऱ्या पोराला ‘पार्टनर’ म्हणतात. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचं पाणी, विसाव्याला सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी असं म्हटलं. त्या पेटीशेजारी चष्म्याचा एक खोका ठेवायला कुणाला सुचलं नाही.

त्यात आपला समाज. गॉगल या वस्तूचं आपण काय करून ठेवलंय बघा. शहरात ती स्टाईल आहे, गावात ती टिंगल आहे. उसाच्या फडात एखादा गॉगल लावून उतरला तर पहिला शेरा ठरलेला: ‘आला बघा हिरो.’ बाईने लावला तर विचारायलाच नको. हेल्मेटला कायदा आहे, मास्कला महामारी होती. उन्हातल्या डोळ्याला फक्त चेष्टा आहे. आणि ही चेष्टा करणारे कोण? बऱ्याचदा आपणच. उन्हाळ्यात ऑफिसच्या टेरेसवर चहा प्यायला जाताना आपण गॉगल लावतो आणि समोरच्या साइटवर विटा वाहणाऱ्या माणसाने तो लावला तर आपल्याला गंमत वाटते.

मग करायचं काय

मागण्या सांगतो, मोजक्याच.

डॉक्टरांना आणि शिबिरं घेणाऱ्यांना: केस पेपरवर एक रकाना वाढवा. काम कुठलं, किती वर्षं, पाण्यावर की रानात, टोपी आणि चष्मा आहे का. तो भरला की ‘तुमच्या समाजात असतंच’ हे वाक्य आपोआप गळून पडेल आणि ‘पोरालाही चष्मा लावायला सांगा’ हे वाक्य तोंडात येईल. ऑपरेशन झालेल्या माणसाला ड्रॉपसोबत चष्मा द्या. त्याशिवाय घरी पाठवणं म्हणजे गळक्या छताखालची फरशी पुसणं.

संशोधकांना: वंश जरूर विचारा, पण ऊन त्याहून नीट मोजा. चेसापीकमध्ये १९८९ साली जमलं, तर खिशात जीपीएस असलेल्या काळात नक्कीच जमेल.

सरकारला आणि साखर कारखान्यांना: कोयता देताना मोजून देता, तसा चष्मा मोजून द्या. तो काळा असायची गरज नाही. पॉलिकार्बोनेटची साधी पारदर्शक काच जवळपास सगळं यूव्ही अडवते. वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर बसणारे लावतात तो, बाजूने झाकणारा चष्मा. बाजूने झाकणारा हे महत्त्वाचं, कारण ऊन बाजूने येतं. उलट नुसती काळी, यूव्ही न अडवणारी काच वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आत शिरायला जास्त जागा मिळते. वर रुंद काठाची टोपी किंवा पुढे ओढलेला पदर. एवढंच तंत्रज्ञान आहे.

आणि तुम्हाला, हे फोनवर वाचणाऱ्याला: तुमच्या वेदर ॲपमध्ये खाली कुठेतरी यूव्ही इंडेक्स लिहिलेला असतो. तीनच्या वर गेला की जपा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी तो अकराच्या पुढे जातो. तुम्ही दुचाकीवर असाल तर व्हायझर खाली घ्या. घरात कुणी रानात, पाण्यावर, साइटवर जात असेल तर पुढच्या खेपेला मिठाईच्या डब्याऐवजी दोन चष्मे घेऊन जा. एक मोठ्या माणसाला, एक त्याच्या पोराला. आणि कुणी हसलं, तर त्याला विचारा की बर्फात उभ्या राहणाऱ्या जवानाला गॉगल लावलेला बघून तुला कधी हसू आलंय का?

मामांच्या पोरासाठी मी असा चष्मा पाठवलाय. तो लावतो की नाही हे मला फोनवर नीट कळत नाही, तो हसून टाळतो. एकट्याने लावायला त्याला लाज वाटते, हे उघड आहे. होडीवरच्या पाचही जणांनी लावला तर वाटणार नाही. म्हणून ही गोष्ट एका घराने करायची नाही. ती सोसायटीने, कारखान्याने, ग्रामपंचायतीने करायची आहे, आणि खर्च एका माणसाच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षाही कमी आहे. तेवढाही करायचा नसेल, तर निदान दोष त्यांच्या रक्ताला देऊ नका.